आतल्या दाराला राखण नाही

४ फेब्रुवारी, मंगळवार

अक्का,

सकाळचं नामस्मरण आटोपून लगेच लिहायला बसलो आहे. या वेळी मन जरा स्वच्छ असतं आणि तुला टोमणे मारायची इच्छाही कमी असते. तुझं पत्र शनिवारी मिळालं. नेहमीसारखं बाहेरच्या पाकिटावर तुमच्या संस्थेच्या मुख्य कार्यालयाचा शिक्का आणि आत तुझं पाकीट. जिवाच्या भीतीने घर सोडलेल्या बायकांना तू कुठल्या रस्त्यावरच्या कुठल्या घरात सांभाळतेस, हे अकरा वर्षांत मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. आत्याची मुलगी, मला पाठीवर घेऊन शाळेत सोडणारी बहीण, आणि तिचं घर मला ठाऊक नाही. पण ते तसंच बरं आहे.

तू विचारलंस, शनिवारी वर्ग घेतोस म्हणे, शिकवतोस तरी काय? सांगतो. आमच्या ऑफिसच्या वरच्या खोलीत वीस खुर्च्या आहेत आणि एक फळा. वेबसाइटचं काम ज्याला शिकायचं त्याने यावं, फी नाही. एका खोलीत चार इयत्ता बसायच्या त्या आपल्या शाळेत मला मास्तर व्हायची हौस लागली होती. ती आता पन्नाशीला टेकल्यावर भागवतो आहे.

परवाचा धडा असा. समज, तू एखाद्या कचेरीत खिडकीपाशी गेलीस. कारकून दोन रीतींनी वागू शकतो. एक म्हणजे तो सांगेल, "बाई, हे काम इथे नाही, सात नंबरच्या खिडकीवर जा." तू चालत तिथे जाणार आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगणार. याला आम्ही रीडायरेक्ट म्हणतो. सर्व्हर तुझ्या ब्राउझरला नवा पत्ता सांगतो, ब्राउझर तिकडे नव्याने विचारायला जातो, आणि पडद्यावरच्या पट्टीत पत्ता बदललेला दिसतो. दुसरी रीत म्हणजे कारकून तुझा कागद घेऊन स्वतःच आत जातो, आतल्या खोलीतून उत्तर आणतो आणि त्याच खिडकीतून तुझ्या हातात ठेवतो. हे फॉरवर्ड. सगळं आतल्या आत होतं. उत्तर कुणी दिलं ते तुला कळत नाही, आणि पट्टीतला पत्ता जागचा हलत नाही.

मला दुसरी रीत आवडते. तुमच्या संस्थेची साइट मी बांधली तेव्हा आधी रीडायरेक्टच होतं. पण तुमच्या घरांतलं नेट इतकं संथ की दोन फेऱ्या होईपर्यंत चहा निवायचा. शिवाय पट्टीत बायकांच्या नोंदीचे आकडे उघडे पडायचे. मग मी सगळीकडे फॉरवर्ड केलं. एकच फेरी, आणि वर काही दिसत नाही. तुमच्या कार्यवाहबाईंनी मला शाबासकीचं पत्र दिलं होतं. ते अजून माझ्या कपाटात आहे.

वर्गात जानेवारीपासून एक नवा गृहस्थ येतो. चाळिशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, कायम पहिल्या रांगेत. आम्ही त्याला शंकेखोर म्हणतो, कारण प्रत्येक प्रश्नाआधी हात वर करून अगदी मऊ आवाजात तो म्हणतो, "सर, एक शंका आहे, रागावणार नाही ना?" परवा त्याने विचारलं, "लॉगिन तपासणारा राखणदार तुम्ही बाहेरच्या दारात बसवलात. पण जो आतल्या आत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला, त्याला कोण हटकतं?" मी म्हटलं, "अहो, आत फिरणारा आपलाच कारकून. त्याला कोण हटकणार!" सगळे हसले. तोही हसला आणि वहीत लिहून घेतलं.

असा एक विद्यार्थी मिळाला की वाटतं, मास्तर झालो ते बरं झालं.

नवं घर मानवलं का? गुडघ्याला तेल लावतेस का?

तुझा
बापू


११ फेब्रुवारी, मंगळवार

बापू,

पन्नाशीला टेकलास तरी शाबासकीचा कागद कपाटात जपतोस? शाळेत पहिला नंबर आला तेव्हा प्रगतिपुस्तक उशाशी घेऊन झोपला होतास, तोच तू.

गुडघा आहे तिथेच आहे. घर मात्र मानवलं. ऑक्टोबरात इथे आलो. जिना कमी, ऊन जास्त, आणि मागचं दार धोबीखान्याच्या अंगणात उघडतं, त्यामुळे दिवसभर साबणाचा वास. जुन्या घरात आता आमचे शिंपीदादा राहायला गेलेत. मीच त्यांचं नाव मालकांना सुचवलं. त्यात माझाही स्वार्थ होता. या अकरा वर्षांत जिला जिला आम्ही आसरा दिला तिला तेच दार ठाऊक आहे. उद्या एखादी पुन्हा संकटात सापडली, पोराला कडेवर घेऊन त्या दारात आली आणि आत कुणी अनोळखीच निघालं तर? म्हणून शिंपीदादांना नवा पत्ता सांगून ठेवलाय. बाई रडत आली तर तिला इकडे पाठवा म्हटलं. कार्यालयाला हे सांगितलं नाही, कार्यवाहबाई नियमावर बोट ठेवतात. तूही बोलू नकोस.

तुझी पत्रं मी संध्याकाळी भाजी निवडताना मोठ्याने वाचते. इथे आत्ता तिघी आहेत. थोरली आणि धाकटी धोबीखान्यात कामाला जातात. तिसरी मास्तरीण. शाळेत भूमिती शिकवायची, डिसेंबरात आली, अजून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. तुझा खिडकी-कारकून ऐकून थोरली म्हणाली, "अगं, म्हणजे आपणही फॉरवर्डच की! आतल्या आत आलो, बाहेर पट्टी तीच!" धाकटी म्हणाली, "माझ्या सासूला मी रीडायरेक्ट केलं असतं, सात नंबरच्या खिडकीवर." हसून हसून भाजीत देठं गेली.

मग तुझा शंकेखोर आला. मी त्याचा आवाज काढून वाचलं, "एक शंका आहे, रागावणार नाही ना?" मास्तरीण तशीच उठली, खोलीत गेली आणि कडी लावली. दोन दिवस जेवली नाही. कपाळ गरम नव्हतं. मला वाटतं तिला वर्गाची आठवण आली असावी. तीही अशाच शंका ऐकत असणार ना मुलांच्या. पुढच्या वेळी शाळेबद्दल लिहू नकोस, निदान तिच्यासमोर वाचता येईल असं काही लिही.

अक्का


१६ फेब्रुवारी, रविवार

अक्का,

तुझं पत्र काल मिळालं. हे पत्र भाजीपाशी वाचू नकोस. आधी एकटीने वाच.

शंकेखोराचा प्रश्न मी हसण्यावारी नेला खरा, पण तो माझ्या डोक्यातून गेला नाही. जपाला बसलो की माळ हातात फिरते आणि मनात तो प्रश्न फिरतो. परवा एकटा ऑफिसात बसून तुमच्या साइटवर अभिप्रायाचा फॉर्म उघडला. कुणीही भरावा असा साधा फॉर्म, त्याला लॉगिन लागत नाही. फॉर्म पाठवला की आभाराचं पान दिसतं. ते पान कोणतं, हे मी फॉर्मच्याच पोटात एका लपवलेल्या रकान्यात लिहून ठेवलं होतं. माझ्या सोयीसाठी, आठ वर्षांपूर्वी. त्या रकान्यात आभाराच्या पानाऐवजी मी नोंदीच्या पानाचं नाव टाकलं आणि बटण दाबलं.

नोंद उघडली. राखणदाराने विचारलंही नाही. तो बाहेरच्या दारात बसलाय आणि बाहेरच्या दारातून तर फक्त अभिप्राय आत गेला होता. पुढे आत घेऊन जाणारा माझाच कारकून. वरच्या पट्टीत मात्र पत्ता अभिप्रायाचाच.

त्याच दिवशी भोक बुजवलं. आता आतल्या प्रत्येक दारात राखणदार आहे. ज्याने लॉगिन केलेलं नाही त्याला सरळ रीडायरेक्ट करून बाहेरच्या दाराशी पाठवतो. मग मागची दैनंदिनी तपासली, म्हणजे सर्व्हर प्रत्येक मागणी जिथे टिपून ठेवतो ती. दोन ते सहा फेब्रुवारी, रोज पहाटे, अभिप्रायाचे एकेचाळीस फॉर्म आलेत. एकातही मजकूर नाही. सगळे कोरे.

कार्यवाहबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आमच्याकडच्या यादीत नोंदीचं पान कुणी उघडल्याचं दिसत नाही." कसं दिसेल? दैनंदिनीत फक्त बाहेरची मागणी लिहिली जाते. आतल्या आत कुठे नेलं ते कुणीच लिहीत नाही. हे मी त्यांना तीनदा समजावलं. त्या म्हणाल्या, "कोरे फॉर्म पाठवणारे टवाळ पुष्कळ असतात हो."

असतील. कुणी केलं ते मला ठाऊक नाही. तू घाबरू नकोस.

शंकेखोर गेले दोन शनिवार वर्गाला आला नाही. जाता जाता विचारतो, मास्तरीणबाईंचा नवरा काय करतो?

बापू


२० फेब्रुवारी, गुरुवार

बापू,

तू जाता जाता कधी काही विचारत नाहीस. लहानपणी काचेची बरणी फोडलीस तेव्हाही असंच विचारलं होतंस, "अक्का, बरणी महाग असते का गं?"

मास्तरिणीला मी तुझं पत्र दाखवलं नाही. नुसतं समोर बसले आणि म्हटलं, सांग. ती बोलली ते लिहिते.

नवरा दुकानांची वजनमापं तपासणारा. कधी आवाज चढवला नाही, शेजारपाजारी सगळे देवमाणूस म्हणतात. बाहेर कुणासमोर बोट लावलं नाही. घरी आला की हातपाय धुवायचा, दाराला कडी लावायचा आणि विचारायचा, "एक शंका आहे, रागावणार नाहीस ना?" शाळेतून यायला आठ मिनिटं उशीर का झाला. दोन कपांत चहाचा डाग का आहे. त्या शंकांपायी तिचं मनगट दोनदा मोडलंय. डॉक्टरला दोन्ही वेळा तोच घेऊन गेला, आणि तिथे तिच्या डोळ्यांत पाणी आलं तर स्वतःच्या रुमालाने पुसलं. शेवटच्या वेळी शांतपणे म्हणाला, "तू कुठेही जा. मी विचारत विचारत येईन. मला घाई नसते." आणि मग पुढे काय करीन तेही सांगितलं. ते मी कागदावर लिहिणार नाही.

ती इथे आली डिसेंबरात. तुझा शंकेखोर वर्गात आला जानेवारीत. आमच्या साइटच्या तळाशी तुमच्या कंपनीचं नाव आहे ना? मला यंत्रातलं कळत नाही, पण एवढं कळतं.

आता मला खरं खरं सांग. वर्गात आमचं नाव घेतलंस का? आणि त्या नोंदीत आमचं काय काय लिहिलेलं असतं?

मला घाबरू नकोस म्हणू नकोस. मी घाबरायला मोकळी नाही, माझ्या घरात तीन बायका आहेत.

अक्का


२४ फेब्रुवारी, सोमवार

अक्का,

नाव घेतलं नाही. त्याहून वाईट केलं.

धडा समजावा म्हणून मी वर्गात भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तुमचीच साइट उघडली होती. माझं सगळ्यात नेटकं काम तेच. मी सावधही होतो. संस्थेचं नाव असलेल्या जागेवर कागदाची पट्टी चिकटवली. मग अभिप्रायाचा फॉर्म भरला, बटण दाबलं आणि मोठ्या अभिमानाने म्हटलं, "बघा, वर पट्टीत बघा! पत्ता बदलला का?" वीस माणसांना मी बोट दाखवून पत्ता वाचायला लावला. खालचं नाव झाकलं आणि वर तेच नाव पत्त्यात उघडं होतं. एकालाच ते हवं होतं.

हे मी मागच्या पत्रात लपवलं. त्या दिवशीच मला संशय आला होता, पण लिहायला हात धजेना. तुझ्याशी मी खोटं बोललो. देवापुढे बसून डोळे मिटतो तर तो इस्त्रीचा शर्ट दिसतो.

नोंदीत नाव असतं, दाखल झाल्याची तारीख असते आणि घराचा पत्ता असतो. तुमचा पत्ता इतकी वर्षं मी मुद्दाम पाहिला नव्हता. परवा कार्यवाहबाईंना समोर बसवून मास्तरीणबाईंची नोंद उघडायला लावली. आणि अक्का, मला रडू फुटलं. नोंदीत अजून जुन्या घराचा पत्ता आहे. ऑक्टोबरात घर बदललं ते कार्यालयाच्या कागदावर आलं, यंत्रात घराचा पत्ता बदलायचं कारकुनाने टाळलं, म्हणून डिसेंबरातल्या नोंदीलाही जुनाच लागला. त्याच्या आळसाने देवाने तुम्हाला राखलं. कार्यवाहबाई म्हणाल्या, "झालं तर मग, पत्ता जुना आहे, धोका नाही." त्यांनी फाइल मिटली. पोलिसांकडेही गेलो. ते म्हणाले, कोरे फॉर्म पाठवणं हा गुन्हा कुठे आहे?

जिना उतरताना मला तुझे शिंपीदादा आठवले.

त्या दारात कुणी गेलं आणि मऊ आवाजात म्हणालं, "माझी बहीण आहे हो त्यांच्याकडे, तिचं औषध द्यायचंय," तर दादा काय करतील? भला माणूस. सांगून टाकेल नवा पत्ता. मग यंत्रातला जुना पत्ता आणि दादांचं तोंड मिळून त्याला थेट तुझ्या उंबऱ्यावर आणतील.

तुझ्या घरातला फोन फक्त कार्यालयाला आणि पोलिसांना लागतो, बाहेरून त्यावर कार्यालयाखेरीज कुणालाच लावता येत नाही, आणि दादांचं कार्यालयाला कळू द्यायचं नाही, म्हणून हे पत्र. कार्यालयात स्वतः नेऊन देतो, आजच्याच टपालात टाका म्हणून विनवतो. मिळाल्याबरोबर शिंपीदादांकडे जा. त्यांना बजाव, कुणी आलं, बाई असो की पुरुष, पत्ता सांगायचा नाही. काही द्यायचं असेल तर ते स्वतः ठेवून घ्यायचं आणि आपल्या हाताने तुला आणून द्यायचं. विचारणाऱ्याला नवी खिडकी दाखवायची नाही, कागद आपण आत न्यायचा. म्हणजे तुमचं घर कुणाला कळणार नाही.

मला क्षमा कर असं लिहिणार नाही. आधी तुम्ही सुखरूप आहात असं कळव.

बापू


२८ फेब्रुवारी, शुक्रवार

अक्का,

मागच्या पत्रात शिंपीदादांना जे सांग म्हटलं ते सांगू नकोस. सांगितलं असलंस तर आत्ता उठून जा आणि मागे घे.

आज ऑफिसात एक कार्ड आलं. सुंदर अक्षर, खाली सही नाही. लिहिलंय: "सर, तुमचे उपकार फार आहेत. यापुढे वर्गाला येणं जमणार नाही. आयुष्यभर मी लोकांना पत्ता विचारत आलो आणि लोक बिचकत आले. हातात एखादी वस्तू दिली की मात्र कुणी बिचकत नाही, आपणहून आत घेऊन जातं. हे तुमच्याकडून शिकलो."

मी पुन्हा तेच केलं, अक्का. मला तीच एक रीत आवडते म्हणून दारात माणूस उभा असतानाही तीच सुचवली. सर्व्हरच्या आत कारकुनाच्या मागोमाग कुणी चालत जाऊ शकत नाही. रस्त्यावर जाऊ शकतं.

दादांनी काहीही घ्यायचं नाही, काहीही आणायचं नाही, आणि काही दिवस तुझ्या रस्त्याला फिरकायचंही नाही. कुणी आलं तर म्हणावं, मी कुणाला ओळखत नाही.

हे पत्र तुला मंगळवारच्या आत मिळणार नाही. कार्यालय आता बंद आहे, फोन कुणी उचलत नाही; उद्या पहिल्या गाडीने मी तिथे जाऊन बसतो. कार्यवाहबाई येतील तेव्हा येतील. त्यांनी तुला फोन लावेपर्यंत मी तिथून उठणार नाही.

बापू


१ मार्च, शनिवार

बापू,

तुझं सोमवारचं पत्र गुरुवारी मिळालं. आज जेवणं आटोपून निवांत लिहायला बसले आहे. थोरली आणि धाकटी कामावर गेल्यात, मास्तरीण खिडकीशी कपडे घड्या करते आहे.

आधी तुझी खरडपट्टी. पडद्यावर आमची साइट उघडलीस, बोट दाखवलंस, आणि वर माझ्यापासून लपवलंस. लहान असतास तर कान पिळला असता. पण तू सांगितलंस. मास्तरिणीला मी सगळं वाचून दाखवलं, न चोरता. ती म्हणाली, "तुमच्या भावाला लिहा, त्याने मुद्दाम केलेलं नाही एवढं मला कळतं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "शिकवणाऱ्याला पुढ्यात कोण बसलंय ते दिसत नाही. मलाही दिसायचं नाही. फळ्याकडे तोंड असतं." हे तिचे शब्द, तुझ्यासाठी.

गुरुवारीच संध्याकाळी शिंपीदादांकडे गेले. तू लिहिलंस तसंच बजावलं. ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "अक्का, जीव गेला तरी पत्ता सांगणार नाही." मी म्हटलं, जीव राहू द्या, तोंड तेवढं सांभाळा. आता माझ्या मनाला बरंच

थांब, दार वाजलं.

दादाच होते. धापा टाकत आले, हातात खोकं. मोठ्या खुशीत म्हणाले, "बघा, जसं सांगितलंत तसंच केलं! एक गृहस्थ आले होते, फार सभ्य. बहिणीचं औषध म्हणाले. पत्ता विचारलाच नाही त्यांनी. मीच म्हटलं, इथे ठेवा, मी पोचवतो. लगेच द्यायला हवं म्हणाले, म्हणून दुकान तसंच टाकून आलो." मी विचारलं, ते गेले कुठे? म्हणाले, "गेले असतील की. मी मागे वळून कशाला बघू?" पाणी पिऊन परत गेले. शिलाई अर्धी सोडून आले होते बिचारे.

खोकं मास्तरिणीच्या नावाचं. दोरी मी सोडली. आत काही नाही. कागदाचा बोळाही नाही. पोचवण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतंच. खोकं कुठे जातं तेवढंच बघायचं होतं.

पडदा बोटभर सरकवून बघितलं. समोरच्या फुटपाथवर खांबाला टेकून उभा आहे. शर्ट तू लिहिलास तसाच. घराकडे बघत नाही, घड्याळाकडे बघतो आहे. मास्तरिणीने माझ्या खांद्यावरून एकदाच पाहिलं. ओरडली नाही. कपड्यांची शेवटची घडी पूर्ण केली आणि म्हणाली, "अक्का, तेच आहेत."

दोन्ही फोन केले. पोलिसांची गाडी निघाली म्हणतात, वीस मिनिटं लागतील. कार्यालयात लावला तर कार्यवाहबाई म्हणाल्या, तुमचा भाऊ सकाळपासून इथे बसलाय, तुम्हाला फोन लावा म्हणून माझं डोकं खातोय. तुझ्याशी बोलले नाही. बोलले असते तर रडले असते, आणि तेवढा वेळ नव्हता.

आता नीट वाच. तिला मागच्या दाराने काढते आहे, धोबीखान्याच्या अंगणातून. कुणाकडे पाठवते आहे ते या कागदावर लिहीत नाही. तुझ्याकडे नाही, तुझं ऑफिस त्याने पाहिलंय. हे पाकीट तिच्याच हातात देते. कोपऱ्यावर टपालपेटी आहे, धोबीखान्याच्या भिंतीपलीकडे. तिथपर्यंत गेलीस तर टाक म्हटलंय. म्हणून हे पत्र तुला मिळालं, तर ती पेटीपर्यंत पोचली एवढं समज. त्यापुढचं कुणाला विचारू नकोस. आणि नाही मिळालं, तर माझ्या पाकिटाची वाट बघत बसू नकोस, जपाला बस.

शिंपीदादांना कुणी बोलू नये. मी सांगितलं तेच त्यांनी केलं. मीही तू सांगितलंस तेच केलं. तू स्वतःला फार कोसू नकोस. वर्ग मात्र बंद करू नकोस. पुढच्या रांगेकडे बघून शिकव.

ती मागच्या दारात चपला घालून उभी आहे, हात पुढे करून. पुढच्या दाराशी मीच जाणार, दुसरं कोण आहे घरात? वीस मिनिटांतली सात गेली.

दार वाजतंय. दोन बोटांनी, हळूच.